क्रीज सोडून पुढे येणारे मुश्ताक अली

कांदिवलीच्या मैदानात आज एखाद्या पोराने ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू ओढून लेगला मारला, तर कुणी फारसे रागावत नाही. टी-ट्वेंटीने नजर बदलली आहे. राज्यांच्या संघांची टी-ट्वेंटी स्पर्धा ज्यांच्या नावाने होते, ते सय्यद मुश्ताक अली हा फटका नव्वद वर्षांपूर्वी कसोटीत मारत असत. वेगवान गोलंदाजालाही ते क्रीज सोडून सामोरे जात.

१७ डिसेंबर १९१४ रोजी होळकरांच्या इंदूरमध्ये त्यांचा जन्म झाला. सी. के. नायडूंनी त्यांना हेरले. १९३४ साली कलकत्त्यात कसोटी पदार्पण झाले, ते मुख्यतः डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून. सलामीला ते नंतर आले.

जुलै १९३६, मँचेस्टर. भारत ३६८ धावांनी मागे होता. मुश्ताक यांनी पुढे सांगितलेली आठवण अशी, की कर्णधार विझींनी त्यांना विजय मर्चंटना धावबाद करायला सांगितले. त्यांनी ते मर्चंटनाच सांगून टाकले. दोघे हसले आणि २०३ धावांची सलामी दिली. मुश्ताक ११२, मर्चंट ११४. परदेशात कसोटी शतक करणारे मुश्ताक पहिले भारतीय ठरले आणि सामना वाचला.

हे लक्षात ठेवायचे ते एवढ्यासाठी, की त्या काळी मुंबईत हेच दोघे पंचरंगी सामन्यांत समोरासमोर असत. मर्चंट हिंदू संघात, मुश्ताक मुस्लिम संघात. धर्मावर संघ पाडण्याला गांधीजींनी १९४० साली उघड विरोध केला होता. १९४४ साली ब्रेबॉर्नवर मुश्ताक यांच्या नेतृत्वाखाली मुस्लिम संघाने हिंदू संघाला अंतिम सामन्यात एका गड्याने हरवले. १९४६ साली ही स्पर्धाच बंद झाली. ते योग्यच झाले. पण खेळाडूंची मैत्री त्या विभागणीच्या आधीही होती, नंतरही राहिली.

प्रेक्षकांचेही तसेच. १९४५ साली ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेस संघाविरुद्धच्या कलकत्त्याच्या सामन्यातून मुश्ताकना वगळले, तेव्हा लोक रस्त्यावर आले. ‘मुश्ताक नाही तर टेस्ट नाही’ ही त्यांची घोषणा. निवड समितीला झुकावे लागले. त्या गर्दीत कोण कुठल्या धर्माचा, हे कुणी मोजले नाही. पुढच्याच वर्षी त्याच शहरात दंगली पेटल्या, म्हणून ही आठवण अधिक मोलाची.

११ कसोटी, ६१२ धावा, दोन शतके, सरासरी ३२. महायुद्धाने उमेदीची वर्षे खाल्ली. १९५२ साली मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, ती त्यांची शेवटची कसोटी. फाळणीनंतर ते इंदूरमध्येच राहिले आणि २००५ साली तिथेच गेले.

आपल्या मुलांना त्यांचे नाव फक्त करंडकावरचे म्हणून माहीत असावे, हे बरे नव्हे. आज सगळ्यांना हवा असलेला तो फटका त्यांनी मारला, तेव्हा जाणकार त्याला बेशिस्त म्हणत आणि लोक मात्र तोच पाहायला गर्दी करत.