पाठभेदांची साक्ष

एकाच ग्रंथाच्या अनेक पोथ्या समोर ठेवून मूळ पाठ शोधणारा पंडित बहुधा न बदललेल्या अक्षरांचा आधार घेतो. नकलकारांच्या हातून पिढ्यान्‌पिढ्या जे जसेच्या तसे राहिले तेच मुळातले, असा त्याचा न्याय. सूक्ष्मजंतूंच्या पेशीतील एका लिखाणाचा अर्थ मात्र उलट वाटेने लागला. तेथे साक्ष दिली ती बदललेल्या अक्षरांनी.

हे लिखाण म्हणजे आर.एन.ए. डी.एन.ए.मधील आज्ञा प्रथिने बनविणाऱ्या यंत्रणेकडे नेणारा निरोप्या, अशी त्याची ओळख सामान्यतः करून दिली जाते. परंतु काही आर.एन.ए.मधून कोणतेच प्रथिन बनत नाही. त्यांचा तंतू स्वतःवरच दुमडतो आणि त्या घडीमुळेच तो कार्यक्षम होतो. त्याच्या चार अक्षरांपैकी ‘ए’ची ‘यू’शी आणि ‘जी’ची ‘सी’शी जोडी जमते. आता असे समजा की, एका जंतूत ‘ए–यू’ ही जोडी आहे आणि त्याच्या दूरच्या नातलगात त्याच जागी ‘जी–सी’ आहे. दोन्ही अक्षरे बदलली, पण जोडी अभंग राहिली. हे एकदा घडले तर योगायोग. अनेक जंतूंत, अनेक जागी घडले तर ती घडी जीवनाला आवश्यक आहे, असेच म्हणावे लागते.

१९६५ साली अमेरिकेत रॉबर्ट हॉली यांनी यीस्टमधील एका छोट्या आर.एन.ए.ची संपूर्ण अक्षरमाला प्रसिद्ध केली. तिच्या घडीचे एकाहून अधिक आराखडे संभवत होते. पुढे त्याच जातीच्या इतर आर.एन.ए.च्या अक्षरमाला हाती आल्या, तेव्हा बेलाच्या पानासारखा त्रिदळ आराखडा तेवढा सर्वांना लागू पडला. १९८० च्या सुमारास कार्ल वूज आणि हॅरी नॉलर यांनी याच रीतीने रायबोसोममधील सुमारे दीड हजार अक्षरांच्या आर.एन.ए.ची घडी मांडली. २००० साली क्ष-किरणांनी रायबोसोमची रचना प्रत्यक्ष दाखविली, आणि तुलनेने सांगितलेल्या बहुतेक सर्व जोड्या खऱ्या ठरल्या.

दरम्यान १९९५ साली ‘हीमोफिलस इन्फ्लुएन्झी’ या जंतूची सुमारे १८ लाख ३० हजार अक्षरे वाचून पूर्ण झाली. पाठोपाठ इतर जंतूंचीही झाली आणि तुलनेचे काम गणकयंत्रांकडे गेले. १९९९ मध्ये मॉस्कोच्या मिखाईल गेल्फांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ब-२ जीवनसत्त्व बनविणाऱ्या जनुकांपूर्वी एकच घडी अनेक जंतूंत आढळली. २००२ साली येल विद्यापीठातील रोनाल्ड ब्रेकर यांच्या गटाने आणि स्वतंत्रपणे दुसऱ्या एका गटाने दाखविले की, ही घडी ब-२ पासून बनलेले द्रव्य स्वतःच पकडते आणि जनुकाचे काम थांबविते. मध्ये कोणतेही प्रथिन लागत नाही. अशा घड्यांना ‘रायबोस्विच’ हे नाव पडले.

तथापि घडी सापडणे निराळे आणि तिचे प्रयोजन कळणे निराळे. २००४ साली ब्रेकर यांच्या गटाने जाहीर केलेल्या नव्या घड्यांपैकी एकीला शेजारच्या जनुकावरून ‘वाय-के-के-सी’ हे नाव मिळाले. ती कोणते द्रव्य ओळखते हे तेरा वर्षे उमगले नाही. २०१७ साली उत्तर मिळाले, ते ग्वानिडीन. प्रयोगशाळांत प्रथिनांची घडी मोडण्यासाठी नित्य वापरले जाणारे हे रसायन जंतूंच्या पेशीत मोकळे असू शकते आणि ते बाहेर घालविण्याची स्वतंत्र व्यवस्था जंतूंजवळ आहे, याची तोवर कल्पना नव्हती. युरियावर काम करणारे म्हणून नोंदलेले एक विकरही वस्तुतः ग्वानिडीनसाठीच असल्याचे दिसून आले. जुनी नोंद बदलावी लागली.

ज्या द्रव्यासाठी जंतूंनी ही घडी जपली होती, त्याचा विचारही कोणाच्या मनात नव्हता. तरीही तेथे काही अर्थ आहे, एवढे पाठभेदांनी आधीच सांगून ठेवले होते. जे लिखाण वाचता येत नाही ते निरर्थक म्हणून टाकून न देता तेरा वर्षे जपले गेले, म्हणूनच ते अखेर वाचता आले.