जावा भाषेतील अक्षरमालांची तुलना

संगणकाच्या आज्ञावलीत अक्षरे, अंक व विरामचिन्हे यांच्या क्रमवार मांडणीस अक्षरमाला किंवा स्ट्रिंग म्हणतात. दोन अक्षरमाला समान आहेत की नाहीत हे ठरविणे वरवर क्षुल्लक वाटते. परंतु जावा या भाषेत समानतेचे दोन अर्थ वेगळे ठेवलेले असून त्यांची गल्लत हा नवशिक्यांच्या, आणि पुष्कळदा अनुभवी आज्ञावलीकारांच्याही, चुकांचा एक चिवट उगम ठरला आहे.

हा भेद जावाच्या पूर्वीचा आहे. जॉन मकार्थी यांनी १९५८ पासून विकसित केलेल्या लिस्प भाषेत ‘ईक्यू’ व ‘इक्वल’ अशी दोन फलने होती. पहिल्याने मूळ घटकांची एकरूपता तपासली जाई, तर दुसऱ्याने संयुक्त रचनांचा आशय घटकाघटकाने ताडला जाई. एका नावाचे चिन्ह स्मृतीत एकदाच साठविण्याची प्रथाही लिस्पमध्ये होती. त्यामुळे चिन्हांच्या बाबतीत केवळ स्मृतिस्थान पाहणे पुरे होई. डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास घडविलेल्या सी भाषेत अक्षरमालेसाठी स्वतंत्र प्रकार नव्हता. अक्षरांची रांग आणि तिच्या आरंभाचा पत्ता एवढ्यावरच काम चाले. दुहेरी बरोबरचिन्हाने (==) तेथे पत्त्यांची तुलना होई; आशय ताडण्यासाठी वेगळे फलन वापरावे लागे.

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉस्लिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून जावा निर्माण झाली व १९९५ मध्ये जाहीर झाली. तिची लेखनपद्धती सीसारखी ठेवण्यात आली, मात्र अक्षरमाला ही एक स्वतंत्र व अपरिवर्तनीय वस्तू मानण्यात आली. दोन नावे एकाच वस्तूकडे निर्देश करतात काय, एवढेच दुहेरी बरोबरचिन्ह सांगते. आशयाच्या तुलनेसाठी ‘इक्वल्स’ ही पद्धत आहे. चिन्हांना नवे अर्थ देण्याची सी प्लस प्लस भाषेतील मुभा जावात हेतुपुरस्सर वगळण्यात आली. तरीही अपवाद करून अक्षरमाला जोडण्यासाठी अधिकचिन्ह वापरू दिले गेले. जोडणीला सवलत आणि समानतेला मात्र नाही, ही विसंगती समर्थनीय वाटत नाही.

चूक उघडकीस येण्यास विलंब लागतो, याचे कारण सामायिक साठा हे होय. आज्ञावलीत अवतरणचिन्हांत लिहिलेली अक्षरमाला जावा एकदाच साठविते. ‘होय’ हा शब्द दोन ठिकाणी लिहिला, तरी दोन्ही निर्देश एकाच वस्तूकडे जातात व दुहेरी बरोबरचिन्ह ‘समान’ असेच उत्तर देते. तोच शब्द कळफलकावरून किंवा फाइलीतून वाचला, की नवी वस्तू तयार होते व उत्तर नकारार्थी येते. परिणामी चाचणीत निर्दोष ठरलेली आज्ञावली प्रत्यक्ष वापरात योग्य उत्तर नाकारते. नेहमीच चुकणारे चिन्ह एवढे घातक ठरले नसते. ‘इक्वल्स’लाही एक मर्यादा आहे : डावीकडील नावाशी कोणतीच वस्तू निगडित नसेल, तर आज्ञावली दोष दर्शवून थांबते. यावर २०११ मधील सातव्या आवृत्तीत स्वतंत्र साहाय्यक पद्धत आली.

नंतरच्या भाषांनी यापासून धडा घेतला. मायक्रोसॉफ्टने २००० मध्ये जाहीर केलेल्या सी शार्पमध्ये अक्षरमालांसाठी दुहेरी बरोबरचिन्ह आशय ताडते. २०११ मध्ये जाहीर झालेल्या कॉटलिन भाषेत तेच चिन्ह आशयासाठी असून वस्तूच्या एकत्वासाठी तिहेरी बरोबरचिन्ह आहे. जावात मात्र मूळ अर्थ कायम आहे. तो बदलल्यास आधी लिहिलेल्या असंख्य आज्ञावलींचे वर्तन पालटेल.

‘इक्वल्स’ देखील डोळ्यांना दिसणारे साम्य पाहत नाही, संकेतांक पाहते. युनिकोडमध्ये मराठीतील ‘ऱ’ एका संकेतांकाने, किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांकांनी लिहिता येतो. म्हणून ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन ठिकाणी तंतोतंत सारखा दिसूनही असमान ठरू शकतो. अशी रूपे एकसारखी करून घेण्याची सोय सहाव्या आवृत्तीत, २००६ मध्ये, उपलब्ध झाली. क्रम ठरविणाऱ्या ‘कंपेअर टू’ या पद्धतीचाही आधार संकेतांकच आहे. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ नंतर व ‘व’ पूर्वी येतो, तर मराठी वर्णमालेत तो ‘ह’ नंतर येतो. त्यामुळे या पद्धतीने लावलेली मराठी शब्दांची यादी कोशाच्या क्रमाशी जुळत नाही. त्यासाठी १९९७ पासून जावात असलेल्या ‘कोलेटर’ या सुविधेला वर्णक्रमाचे नियम पुरवावे लागतात.