तापनियंत्रकाविना रोटरी विमान-इंजिन : एक ऐतिहासिक चिकित्सा (१९०९–१९१८)

प्रस्तावना :
'रोटरी इंजिन' म्हटले की आज वांकेल इंजिन आठवते. प्रस्तुत लेखात मात्र पहिल्या महायुद्धातील विमानांच्या रोटरी इंजिनाचा विचार केला आहे. या इंजिनात क्रँकशाफ्ट स्थिर असे व पंख्यासह सर्व सिलिंडर त्याभोवती फिरत. त्यात पाणी, रेडिएटर किंवा तापनियंत्रक यांपैकी काहीच नव्हते. ही उणीव होती की रचनेचे तत्त्व होते, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

परिभ्रमण हेच शीतन :
फ्रान्समधील सेगँ बंधूंचे सात सिलिंडरचे, ५० अश्वशक्तीचे 'नोम' इंजिन ऑगस्ट १९०९ मधील रांस येथील विमान-मेळाव्यात हेन्री फार्मन यांच्या विमानावर यशस्वी ठरले. तत्कालीन विमानांचा वेग अल्प असल्याने स्थिर सिलिंडरांना पुरेसा वारा मिळत नसे. सिलिंडरच फिरवल्याने विमान जमिनीवर उभे असतानाही ते थंड राहत आणि पाण्याचे वजन वाचे. म्हणजेच तापनियंत्रकाचा अभाव हा हलकेपणाचाच एक भाग होता.

या सोयीची किंमत :
परंतु शीतनाचे प्रमाण फिरण्याच्या गतीशी बांधलेले होते. वैमानिकाला ते स्वतंत्रपणे कमी-अधिक करता येत नसे. शिवाय फिरत्या सिलिंडरची पुढील बाजू अधिक थंड व मागील बाजू अधिक उष्ण राही. त्यामुळे सिलिंडरचा गोलाकार बिघडे आणि दाब गळे. 'क्लर्जे' इंजिनातील हा दोष दूर करण्यासाठी डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी ओतीव लोखंडाचे अस्तर असलेले ॲल्युमिनियमचे सिलिंडर योजले. त्यांचे बी. आर. १ हे इंजिन सॉपविथ कॅमल विमानांवर बसविण्यात आले.

गती वाढवून शक्ती मिळवणेही कठीण होते, कारण हवेचा विरोध मोडण्यास लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. यावर उपाय म्हणून जर्मनीच्या 'सीमेन्स-हाल्स्के एसएच ३' मध्ये क्रँकशाफ्ट आणि सिलिंडर परस्परविरुद्ध दिशांना, प्रत्येकी सुमारे ९०० फेरे प्रतिमिनिट या गतीने फिरत. विरोध घटला, पण सिलिंडरांना मिळणारा वाराही घटला. त्यात नाकेबंदीमुळे एरंडेल तेल दुर्मिळ होऊन हलके पर्यायी वंगण वापरावे लागले. परिणामी १९१८ मध्ये अवघ्या काही तासांच्या उड्डाणानंतर दट्ट्ये अडकू लागले व ती लढाऊ विमाने आघाडीवरून मागे घ्यावी लागली. इंजिनावरील आवरणाचा खालचा भाग कापून हवेला वाट दिल्यानंतर ती परतली.

याच काळात एस. ई. ५ए या विमानातील जलशीतित इंजिनाच्या रेडिएटरची झडपे वैमानिक स्वतः उघडझाप करू शकत असे.

निष्कर्ष :
तापनियंत्रक नसणे हे रोटरी इंजिनाच्या आरंभीच्या यशाचे कारण होते आणि त्याच्या मर्यादेचेही. विमानांचा वेग वाढताच सिलिंडर फिरविण्याची गरज उरली नाही. नियंत्रणाची गरज मात्र वाढली. यंत्रातून एखादा भाग वगळला, तरी त्याचे कार्य वगळता येत नाही. रोटरी इंजिनात ते कार्य धातू, वंगण आणि शेवटी वैमानिक यांच्यावर येऊन पडले, असे या इतिहासावरून म्हणता येते.