पाच मतांचं गाव

काही वर्षांपूर्वी ऑफिसात एक 'निनावी' सर्व्हे झाला होता. मॅनेजरबद्दल मोकळेपणाने लिहा, नाव कुठेही येणार नाही वगैरे वगैरे. टीममध्ये आम्ही पाच जण. निकाल आला: असमाधानी ५, समाधानी ०! आता सांगा, नाव लपलं कुठे? साहेब पुढे महिनाभर आमच्याशी कामापुरतंच बोलत होते.

हे आठवायचं कारण म्हणजे डिक्सव्हिल नॉच. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशर राज्यात, पार उत्तरेला, कॅनडाच्या सीमेजवळच्या डोंगरात ही चिमुकली वस्ती आहे. अध्यक्षीय निवडणुकीत इथे मध्यरात्रीच्या ठोक्याला मतदान सुरू होतं आणि काही मिनिटांत निकालही लागतो. नोंदलेल्या सगळ्यांनी मत दिलं की केंद्र बंद करता येतं, असा तिथला कायदाच आहे.

कल्पना मूळची इथली नव्हे. त्याच राज्यातल्या हार्ट्स लोकेशनने १९४८ साली, भल्या पहाटे कामावर जाणाऱ्या रेल्वे कामगारांसाठी ती सुरू केली. डिक्सव्हिलमध्ये ती १९६० साली आणली नील टिलॉटसन यांनी. रबरी फुग्यांच्या आणि हातमोज्यांच्या धंद्यात नाव काढलेला माणूस, बाल्सम्स या बड्या हॉटेलचा मालक. मतदान हॉटेलात, मतदार बहुतेक हॉटेलशीच जोडलेले, आणि पहिलं मत मालकांचं. २००१ साली, १०२ व्या वर्षी ते वारले.

आता आकडे बघा. १९६०: निक्सन ९, केनेडी ०. देशात जिंकले केनेडी. १९६४: गोल्डवॉटर ८, जॉन्सन १. देशभर जॉन्सन यांची लाट! मला सारखा त्या 'एका'चा विचार येतो. कोणी दबाव टाकला असेल असं मी म्हणत नाही. पण सकाळी नाश्त्याच्या टेबलावर बाकीचे आठ जण अंदाज बांधत असतीलच की..

१९६८ साली हम्फ्री ८, निक्सन ४. त्यानंतर मात्र थेट २००८ पर्यंत एकही डेमोक्रॅट इथे जिंकला नाही. २००० साली बुश २१, गोर ५. आणि २००८ ला एकदम ओबामा १५, मॅकेन ६! गावाचा कल बदलला, असं वाटणारच.

पण २०११ मध्ये हॉटेल बंद पडलं. नोकऱ्या गेल्या, माणसं गेली. २०१२ साली ओबामा ५, रॉम्नी ५. २०१६ ला क्लिंटन ४, ट्रम्प २. २०२० च्या प्रायमरीआधी तर माणसं इतकी कमी झाली की निवडणूक घ्यायला लागणारे पदाधिकारीही पुरेनात. हॉटेल पुन्हा उभारू पाहणारा विकासक तिथे राहायला आला तेव्हा परंपरा वाचली. त्या नोव्हेंबरात बायडेन ५, ट्रम्प ०. २०२४ च्या जानेवारीत प्रायमरीत निकी हेली यांना सहाच्या सहा मतं, नोव्हेंबरात हॅरिस ३, ट्रम्प ३.

याला गावाचा कल म्हणायचं? एक कुटुंब सामान बांधून निघालं तरी इथला 'कल' उलटतो. बदललं ते गावाचं मन की गावातली माणसंच, हे या आकड्यांवरून कळत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. मतदान तिथेही गुप्तच असतं. पण निकाल ५–० लागला तर पडदा लपवणार काय? गुप्तता पडद्यामुळे नाही, गर्दीमुळे मिळते. आमच्या धंद्यात साधा नियम आहे: गट फार लहान असेल तर त्याचा आकडा वेगळा दाखवायचाच नाही, मोठ्या गटात मिसळायचा.

आपल्याकडेही हा प्रश्न आहे बरं का. मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजता यायच्या. ईव्हीएममुळे केंद्रनिहाय आकडा उघड होतो. म्हणजे कुठल्या वस्तीने कोणाला मत दिलं, हे पाणी-रस्त्याचे निर्णय घेणाऱ्याला कळतं. अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणाऱ्या टोटलायझरची सूचना निवडणूक आयोगाने २००८ साली केली होती, ती अजून अमलात आलेली नाही.

डिक्सव्हिलचे लोक हौसेने कॅमेऱ्यांसमोर मत देतात. आपल्याकडच्या एखाद्या वाडीला ती हौस परवडेल का?

असो. पुढचा 'निनावी' सर्व्हे आला की आधी टीममधली डोकी मोजा.