किनारा खरंच मागे सरकलाय का? उपग्रहाच्या चित्रांवरून असं कळतं

मालवण तालुक्यातलं देवबाग म्हणजे वाळूची चिंचोळी पट्टी. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली खाडी. पावसाळ्यात उधाण आलं की माडांच्या मुळाखालची वाळू जाते, दिवाळीनंतर पुळण बऱ्यापैकी भरून येते. मग समुद्राने कायमची नेलेली जमीन किती? धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी करताना हाच प्रश्न पुढे येतो. अशा वेळी उपग्रहाची जुनी चित्रं कामी येतात.

रेषा कशी काढतात?

उन्हातले अवरक्त किरण पाणी शोषून घेतं. वाळू आणि झाडी ते परत फेकतात. त्यामुळे अवरक्त चित्रात पाणी काळं आणि जमीन उजळ दिसते. दोन्हींमधली कड म्हणजे किनारारेषा. निरनिराळ्या वर्षांच्या रेषा एकावर एक ठेवून ठरावीक अंतरावर त्यांच्यातली तफावत मोजली, की किनारा वर्षाला सरासरी किती मीटर सरकला ते निघतं.

किती बारीक दिसतं?

अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची १९८०च्या दशकापासूनची चित्रं मोफत मिळतात. त्यातला एक ठिपका ३० बाय ३० मीटरचा, म्हणजे जवळपास नऊ गुंठ्यांचा. २०१५ पासूनच्या युरोपच्या सेंटिनेल-२ चा ठिपका १० मीटरचा, साधारण एका गुंठ्याचा. म्हणून एका वर्षात गेलेले एक-दोन मीटर यात नीट पकडता येत नाहीत. दहा-वीस वर्षांचा कल मात्र कळतो.

फसगत कुठे होते?

हे उपग्रह कोकणावरून सकाळी अकराच्या सुमारास जातात. पौर्णिमा-अमावास्येला त्या वेळी पाणी भरतीच्या आसपास असतं, अष्टमीला ओहोटीच्या. उताराच्या पुळणीवर तेवढ्यानेच पाण्याची कड कित्येक मीटर पुढेमागे होते. म्हणून चित्रं एकाच ऋतूतली आणि सारख्या तिथीची घ्यावीत. मे महिन्याचं चित्र ऑक्टोबरच्या चित्राशी ताडून पाहिलं, तर नसलेली धूपही दिसेल. पावसाळ्यात तर ढगांमुळे किनारा दिसतच नाही. तेव्हा रडार उपग्रह वापरतात.

महाराष्ट्राचं चित्र

चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातला बदल याच पद्धतीने तपासला. राज्याच्या सुमारे ७४० किलोमीटर किनाऱ्यापैकी २५.५ टक्के भागाची धूप होतेय, सुमारे १० टक्के भागात वाळू साठतेय, बाकीचा स्थिर आहे. देशात धूप होणारा किनारा सुमारे ३३.६ टक्के आहे.

गावाने काय करावं?

गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं कुणालाही पाहता येतात. सोबत जमिनीवरचा पुरावाही हवा. विहीर, देऊळ अशा पक्क्या खुणेपासून वाळूच्या कडेपर्यंतचं अंतर दरवर्षी मे महिन्यात टेपने मोजावं आणि तारखेसह फोटो काढून ठेवावा. बंधारा झाल्यावरही मोजणी थांबवू नये. बंधारा जिथे संपतो, तिथून पुढच्या वाडीत धूप वाढू शकते.