सुखतळा



वसंतातल्या या व्यासपीठावरून राज्यांचा आणि रणांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकला आहे. मी कामगार संघटनेचा माणूस. नववीनंतर शाळा सुटली. पुढले शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. म्हणून आज मी जोड्याच्या आत, पावलाखाली दडलेल्या एका वस्तूचा इतिहास सांगणार आहे. आपल्या भाषेत तिला सुखतळा म्हणतात. सुख नावात आहे. ते पायाला कधी मिळते, एवढाच प्रश्न आहे.

१७८१ साली पेत्रुस काम्पर या डच शरीरशास्त्रज्ञाने जोड्याच्या योग्य आकारावर निबंध लिहिला. घोड्याच्या खुरांची चिंता करणारे विद्वान माणसाच्या पावलाकडे पाहत नाहीत, ही त्याची तक्रार होती. पुढे शंभरेक वर्षांनी न्यूयॉर्कचे अस्थिशल्यवैद्य रॉयल व्हिटमन यांनी सपाट पडलेल्या पावलाचा प्लास्टरचा साचा काढून त्यावर पोलादी पत्रा घडवला. ज्याचा पाय, त्याच्याच मापाचा तळ! मोठे पाऊल होते ते.

पण माप घ्यायचे कोणत्या पायाचे? टेबलावर निवांत लोंबणाऱ्या, की ओझे वाहणाऱ्या? अमेरिकी सैन्यातले डॉक्टर एडवर्ड मन्सन यांनी सुमारे दोन हजार सैनिकांची पावले तपासून १९१२ साली पुस्तक लिहिले. त्यांचा नियम असा : सैनिकाच्या पाठीवर ४० पौंडांचे ओझे द्या, सगळा भार एका पायावर घ्यायला सांगा, आणि मग माप घ्या. कारण भाराखाली पाऊल लांबते, पसरते. उलट, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियाचे मर्टन रूट यांनी भार न देता, टाच आणि चवडा एका रेषेत धरून साचा काढण्याची पद्धत रूढ केली. एकाने पाय कसा आहे ते पाहिले, दुसऱ्याने तो कसा असावा ते पाहिले. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. मात्र पायाला वळण लावायचे, तर त्याला वेळ द्यावा लागतो.

हे मी पुस्तकात वाचले ते नंतर. आधी टाचेने शिकवले. फाटकसभांत तासन्‌तास उभे राहून माझी टाच धरली. पदरचे पैसे मोडून मापाचे तळ करून घेतले. पहिल्याच दिवशी दहा तास वापरले आणि कमानीखाली फोड आला. करून देणारा म्हणाला, "सवय होईल." सवय होईना. दुसऱ्या एका कारागिराने मला चालायला लावले, जोडा काढून आतून बोट फिरवले. जोड्यातला मूळ तळ काढलाच नव्हता! त्यावर नवा बसवल्याने टाच वर उचलली जात होती आणि बोटे चेमटत होती. त्याने जुना तळ काढला, कमानीची कड घासली आणि सांगितले, "पहिल्या दिवशी एक तास, मग रोज थोडा वेळ वाढवा. नवी जागा दुखली तर सोसू नका, परत या."

"सोसू नका" हे शब्द मला इतिहासातले सर्वांत मोठे वाटतात. कारण न दुखणाऱ्या पायाची कथा याहून भयंकर आहे. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरला आले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने झडतात असा समज होता. ब्रँड यांनी दाखवले की रोग संवेदना मारतो. मग खिळा टोचला, जोडा चावला तरी कळत नाही आणि जखमांनी पाऊल संपते. म्हणून वेल्लोरच्या वहाणांत बारीक छिद्रांचे मऊ रबर आले, आणि पाऊल रोज डोळ्यांनी तपासण्याची शिस्त आली. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांना आज तीच शिस्त लागू आहे. आमच्या एका सभासदाने "मला काही त्रास नाही" असे म्हणत दोन बोटे गमावली.

मित्रहो, जिथे तक्रार नाही तिथे सुख आहे, असे मालकही समजतो आणि वहाण करणाराही समजतो. दोघेही चुकतात. तक्रार करणाऱ्या पायाचे ऐकावे. मुक्या पायाला रोज विचारावे.

आणि शेवटी एक. कितीही चांगला सुखतळा केला तरी तो स्टुलाची जागा घेऊ शकत नाही. उभ्याने काम करणाऱ्याला बसायची सोय द्यावी, असे १९४८ च्या कारखाने कायद्याने सांगितले होते. तरी दुकानांतल्या बायांना त्यासाठी झगडावे लागले. २०१८ साली केरळात बसण्याचा हक्क कायद्यात आला तो त्यांच्या लढ्याने. पायाचे माप घेताना आधी विचारा : हा माणूस दिवसातून किती वेळ उभा असतो? तेच त्याच्या पायाचे पहिले माप.