चाक, त्रिकोण आणि पाऊल: सायकलवरच्या मोजणीयंत्राचा पूर्वेतिहास

आजचा धागा एका खरेदीपासून सुरू होतो आणि नाइलाजाने इतिहासात शिरतो.

माझ्या प्रबंधिकेचा विषय आहे साताऱ्याहून मिरजेकडे जाणाऱ्या जुन्या वाटा. कागदपत्रांत मुक्कामांची नावे आणि कोसांचे आकडे मिळतात, पण कोस हे माप प्रांतागणिक बदलते. म्हणून संगम माहुलीपासून कराडच्या प्रीतिसंगमावरून सांगलीजवळच्या हरिपुरापर्यंत, कृष्णेच्या काठाकाठाने, सायकलवरून अंतरे मोजायचे ठरवले. पहिला तक्ता पाहून मार्गदर्शक प्राध्यापिकांनी एकच प्रश्न विचारला : “हे अंतर मोजले कशाने?” मी म्हटले, फोनने. उत्तर देतानाच ते अपुरे असल्याचे जाणवले.

अंतर मोजण्याच्या तीन जुन्या रीती आहेत आणि आजच्या सायकल कॉम्प्युटरमध्ये त्या तिन्ही शेजारी शेजारी नांदतात.

पहिली रीत त्रिकोणाची. विल्यम लँबटन याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ १०० फुटी पोलादी साखळीने सुमारे साडेसात मैलांची पायारेषा मोजायला घेतली. पुढची अंतरे साखळी न ओढता, कोन मोजून आणि गणित करून काढायची होती. हाच तो भारताचा महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण प्रकल्प. लँबटनचा मृत्यू जानेवारी १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते? जीपीएसची जातकुळी हीच. फरक इतकाच, की कोनांऐवजी उपग्रहांपासूनची अंतरे घेऊन तो आपले स्थान ठरवतो आणि असे बिंदू जोडत जातो.

दुसरी रीत चाकाची. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस याने चार फूट व्यासाच्या चाकाची गाडी वर्णिली आहे. चाकाचे ४०० फेरे झाले, की मैल भरला म्हणून एक खडा पेटीत पडे. कंपनी सरकारच्या काळात हातांनी ढकलायचे मोजणीचे चाक सैनिकी मार्गांच्या सर्वेक्षणात वापरात होते. चाक जमिनीला चिकटून चालते; त्यामुळे प्रवासी प्रत्यक्ष जितके चालतो तितके ते मोजते, प्रत्येक वळणासकट. नकाशा करणाऱ्याला ही उणीव वाटे. मला तर तेच हवे होते.

यवतेश्वराचा घाट चढून कासकडे निघालात, की हा फरक कळतो. नागमोडी वळणावर जीपीएसचे दोन बिंदू सरळ रेषेने जोडले गेले, तर वळणाचा बाक कापला जातो. कडा आणि झाडी यांमुळे संकेत भरकटला, तर उलट अंतर वाढते. म्हणजे चूक आहेच, शिवाय ती दर वळणाला वेगळी. चाकाची चूक मात्र एकसारखी असते. हे मी स्वतःच्या फजितीतून शिकलो. वेगाचा सेन्सर बसवला, पण टायरचा घेर तपासला नाही. यंत्रात ७०० बाय २५ टायरचा २१०५ मिलिमीटर हा आकडा तसाच राहिला; माझा टायर ७०० बाय ३५, त्याचा घेर सुमारे २१६८. दर १०० किलोमीटरला साधारण तीन किलोमीटर कमी! आठवडाभराचा तक्ता बाद झाला असे वाटले. पण चूक एकसारखी होती, सगळे आकडे १.०३ ने गुणले आणि तक्ता वाचला. जीपीएसच्या आकड्यांना असा गुणक लावता आला नसता.

रस्त्यावरच्या अधिकृत शर्यतींचे मार्ग आजही प्रमाणित सायकलने मोजतात. १९७० च्या दशकातला जोन्स काउंटर पुढच्या चाकाशी जोडून फेरे मोजतात, आणि मार्ग चुकूनही आखूड भरू नये म्हणून हजारामागे एक इतके अंतर मुद्दाम जास्त धरतात.

तिसरी रीत पावलाची. देहरादूनहून तिबेटात पाठवलेल्या नैनसिंह रावत यांना उघडपणे मोजणी करणे शक्य नव्हते. म्हणून पाऊल एकसारख्या लांबीचे पडावे असा सराव करून घेतला गेला, जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी ठेवले गेले, आणि दर शंभर पावलांना एक मणी सरकवत १८६५-६६ मध्ये ते ल्हासाची वाट मोजून आले. इथे मोजणीचे साधन शरीर हेच होते. कॅडेन्स सेन्सर हा मला त्या माळेचा वंशज वाटतो. तो रस्ता मोजत नाही, मिनिटाला पॅडलचे फेरे मोजतो. पुढे ३४ दातांची आणि मागे २८ दातांची चकती असेल, तर माझ्या टायरवर एका फेऱ्यात सुमारे २.६३ मीटर अंतर कापले जाते. ६० फेऱ्यांना ताशी साडेनऊ किलोमीटर, ८० ला साडेबारा. घाटात वेगाचा आकडा मन खचवतो; फेऱ्यांचा आकडा गिअर हलका करायची वेळ झाली हे सांगतो. सांगलीकडच्या सपाटीवर त्याची मला फारशी गरज भासली नाही, हेही कबूल करतो.

वाटेत पलूसजवळ किर्लोस्करवाडी लागते. १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळावर वसलेल्या या कारखान्यामागच्या घराण्याचा उद्योग बेळगावात १८८८ मध्ये सायकलींच्या दुकानापासून सुरू झाला. विषयांतर आहे, पण तिथून सायकलवर जाताना हे आठवल्याशिवाय राहवत नाही.

तर निवड कशी केली? नकाशांचा मोठा रंगीत पडदा सोडला. पावसात टिकेल असे साधे यंत्र, चाकाच्या हबवर वेगाचा सेन्सर आणि डाव्या क्रँकवर कॅडेन्सचा, दोन्ही ब्लूटूथ आणि एएनटी प्लस या दोन्ही पद्धतींनी जोडता येणारे, म्हणजे पुढे यंत्र बदलले तरी सेन्सर वाया जात नाहीत. एक खाचखळगा सांगतो. काही यंत्रे चाकाचा घेर जीपीएसवरून आपोआप ठरवतात. तसे झाले, तर जीपीएसची चूक चाकात उतरते. ती सोय बंद करा. नेहमीइतकी हवा भरा, व्हॉल्व्ह खाली आणून जमिनीवर खडूची खूण करा, सायकलवर बसूनच सरळ रेषेत दहा फेरे पुढे जा, अंतर टेपने मोजा आणि दहाने भागा. आलेला आकडा हाताने भरा. मी तो आता तक्त्याच्या पहिल्या ओळीत, तारखेसह लिहितो.